मावशीच्या लग्नातलं इंजिन

इंजिनवेड्या माणसाला समारंभाला बोलावू नये, आणि बोलावलंच तर जुनी फिल्म दाखवू नये. मावशीच्या पंचाहत्तरीला आमच्या नातलगांनी दोन्ही केलं.

तिच्या लग्नाची आठ मिलिमीटरची मुकी फिल्म मावसभावानं पेनड्राइव्हवर आणली होती. शेवटी मिरज स्टेशन. नवरी पुण्याला सासरी निघालेली, मागं वाफेचं इंजिन. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी चष्मा लावला.

“थांबव!” मी ओरडलो.

वायपी आणि वायजी ही मीटरगेजची इंजिनं समोरून सारखीच दिसतात. वायपी पॅसेंजरचं, वायजी मालगाडीचं. खरी ओळख चाकांवरून. वायपीला पुढं चार छोटी, मधे सहा मोठी, मागं दोन. वायजीची मधली मोठी चाकंच आठ. आणि नेमकं त्या चाकांपुढं एक धोतर उभं, हलायला तयार नाही.

“या म्हाताऱ्याला कुणी बाजूला का नाही केलं?”

“तुझे आजोबा आहेत ते,” आई म्हणाली.

आजोबा ट्रंक उचलायला वाकले आणि मोठी चाकं दिसली. सहा! वायपीच! आता मला कोण आवरणार? गाडी पुण्याची, इंजिन मीटरगेजचं. आणि पुणे-मिरज मार्ग तर १९७१ साली ब्रॉडगेज झाला.

“म्हणजे लग्न एकाहत्तरच्या आधीचं!” मी टाळीसाठी हात पुढं केला.

हात तसाच राहिला. एम.ए. होऊन, चोविसाव्या वर्षी आपण बोहल्यावर चढलो, हे मावशीनं घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. तिच्या नातीनं बोटं मोजली. “मग आजीची पंचाहत्तरी केव्हाच होऊन गेली!”

मावशीनं केकची सुरी खाली ठेवली. मी सावरायला गेलो. “मिरज-लोंढा मात्र पुढंही बरीच वर्षं मीटरगेजच होती. मावशी, तुला बेळगावला दिलं असतं ना, तर काही म्हणता काही कळलं नसतं!”

मावशीच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, मला दंडाला धरून गॅलरीत नेलं.

“अरे, मीही जन्मभर रेल्वेतच होतो. वायपी मला काय ओळखू येत नाही?”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“बोलतो की. दर वेळी फिल्म लागली की म्हणतो, वा, काय धूर सोडतंय!”