ट्यूबसकट कुत्रं

कुत्र्यानं मलमाची ट्यूब फोडली की घरातल्या प्रत्येकाला डॉक्टरकी सुचते. आजी म्हणते दूध पाजा, काका म्हणतात मिठाचं पाणी पाजा, शेजारचे म्हणतात, गावठी आहे, दगड पचवेल. तिघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं: ट्यूबवर काय लिहिलंय ते बघायची गरज नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कुत्रं वाचणार की जाणार हे मुख्यतः त्या बारीक अक्षरांतल्या नावावर ठरतं. मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीनं लाडानं ठेवलेलं असतं. औषधाचं खरं कुळ त्याच्या खाली, चष्मा शोधायला लावणाऱ्या अक्षरांत असतं.

बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरचं झिंक ऑक्साइड चाटलं तर बहुधा उलट्या-जुलाबांवर भागतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं एकदाच पोटात गेली तर कुत्रं ओकतं, घटाघटा पाणी पितं, अंगणभर मुततं, पण सहसा तगतं. नायट्याच्या मलमातलं सॅलिसिलिक अॅसिड हे अॅस्पिरिनच्या भावकीतलं, ते पोटाच्या अस्तरावर उठतं. सोरायसिसचं कॅल्सिपोट्रायोल कपटी. सुरुवातीला कुत्रं शेपूट हलवत भाकरी मागतं, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बसतात. त्वचेच्या कर्करोगावरचं फ्लुओरोयुरॅसिल तर तेवढीही सवड देत नाही. त्याच्या 5 टक्क्यांच्या क्रीमनं पाच कुत्री दगावल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जानेवारी 2017 मध्ये जाहीर केलं. त्यातल्या एकानं, मालकानं ट्यूब हिसकावून घेईपर्यंत, दातानं तिला भोक पाडलं होतं, एवढंच. दोन तासांच्या आत उलट्या, मग झटके, आणि बारा तासांनी खेळ खलास. तेव्हा ‘जरासंच चाटलंय’ हा युक्तिवाद झिंकपुरता ठीक.

कोणी म्हणेल, आमच्या भागात कुत्र्याचं एवढं कौतुक कशाला? अहो, आमच्याच तर भागात! कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूर. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे साक्षात चार वेद. बीदरजवळ खानापूरला मैलार मल्लण्णा, म्हणजे आपला खंडोबा, त्याच्याबरोबरही कुत्रं. आणि दोन्ही देवांच्या दारी अंगाला काय लावतात बघा: गाणगापूरला भस्म, मैलारला भंडारा. कुत्रं बाळगायचं तर अंगाला काय फासावं, याचा विचार देवांनी आधीच करून ठेवलेला दिसतो. भंडारा चाटलाच तर कुत्र्याची जीभ पिवळी होईल, फार तर शिंकेल. भस्माला झाकण नाही, म्हणून झाकण हरवायचा प्रश्नच नाही. भस्म लावून माणूस आरशात बघतोही, पण उजळलो का म्हणून नाही. माधुकरीच्या वेळी दत्त कोणत्या रूपात समोर येईल याचा नेम नाही, म्हणून गाणगापुरात कुत्र्याला ‘हाड’ म्हणायला भक्ताची जीभ कचरते. तोच भक्त घरी येऊन उशाशी उघडी ट्यूब ठेवून घोरतो. वेदांनी ती चावली तर दोष वेदांचा!

ही ट्यूब घरात येते कशी, हे खरं दुखणं. नायटा कोणालाही होतो, त्याला इलाज नाही. पण आम्हा पन्नाशीच्या लोकांच्या ड्रॉवरमध्ये वांग घालवायची, काळी मान उजळवायची, टकलावर रान माजवायची जी सामग्री असते, तिचा संबंध त्वचारोगापेक्षा पुढच्या लग्नातल्या फोटोंशी जास्त. टकलावरचं मिनॉक्सिडिल कुत्र्याचा रक्तदाब पाडतं, मांजर तर थोडक्या थेंबांनीही मरू शकतं. चार केसांसाठी एक मांजर, हा सौदा कुठल्या बाजारातला? आता उजळवायच्या मलमांतली स्टेरॉइडं घ्या. केंद्र सरकारनं 2018 मध्ये चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली. तरी मेडिकलच्या काउंटरवर ‘खुजली की क्रीम देव’ एवढं म्हणणं पुष्कळदा पुरतं. इथे मला मनापासून राग येतो. ही मलमं महिनोन् महिने चोपडली की चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल होते, नायटा वरून दबून आतून पसरतो, आणि आपण पदरचे पैसे मोजून हे करून घेतो. कुत्र्याला ना आपला वांग दिसतो ना टक्कल. जखम दिसली की चाटायची, एवढीच वैद्यकी त्याला येते. स्वतःच्या पायावर जो इलाज करतं, तोच ते मालकाच्या हातावर करायला जातं, आणि आपण त्यावर विष माखून बसलेलो असतो.

आता आजी-काकांचे उपाय. दूध हा उतारा नव्हे. त्यानं मलमातलं औषध मरत नाही. मिठाचं पाणी तर दुसरं विष: रक्तात सोडियम चढलं की मेंदूवर जातं. उलटी करवायची की नाही हे पशुवैद्यानं ठरवायचं. आपण तोंडाला लागलेलं ओल्या फडक्यानं पुसावं, ट्यूबचे तुकडे वेचावेत, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवावं, लक्षणांची वाट न बघता फोन लावावा आणि निघावं. ‘माणसाला डॉक्टर मिळेना, कुत्र्याला कुठून?’ हा आक्षेप दुसऱ्या जिल्ह्यांनी घ्यावा. बीदरच्या नंदीनगरात कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि सीमेपलीकडे उदगीरला महाराष्ट्राचं पशुवैद्यक महाविद्यालय. 1956 पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. सीमावादात माणसांच्या हाती काय लागलं ते राहू द्या, सीमेलगतच्या औरादच्या कुत्र्याला दोन राज्यांचे डॉक्टर मिळाले.

शेवटची अडचण लाजेची. ‘ट्यूब कोणाची?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘पाहुण्यांची.’ डॉक्टरला तुमच्या रंगाशी देणंघेणं नाही, त्याला टक्केवारी हवी. 5 टक्के म्हणजे ग्रॅममागे 50 मिलिग्रॅम. ट्यूबमधून किती ग्रॅम गेलं आणि कुत्र्याचं वजन किती, यावर पुढचा हिशेब. पार्लरमधून डबीत कालवून आणलेली, नाव नसलेली क्रीम असेल तर डबीच न्यावी, आणि देणारीचा नंबरही. तिथेही ‘पाहुण्यांची’ म्हणालात, तर डॉक्टर पाहुण्यांनाच फोन लावायला सांगतील.