मिलॉर्ड, टॉवेल जागचा हलला नाही!

शिव शिव! चांगल्या घरातली माणसं हल्ली रात्री जेवणं आटोपली की कोर्टात जाऊन बसतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणून ज्यांच्या आजोबांनी बांधाचं भांडणसुद्धा तोंडातोंडी मिटवलं, त्यांची नातवंडं सोफ्यावर पाय पसरून एका बैठकीत पडद्यावरचा अख्खा खटला फस्त करतायत. 'जॉली एलएलबी' २०१३ मध्ये आला, २०१७ मध्ये आला, २०२५ मध्ये पुन्हा आला. घरात फ्रीजमधलं श्रीखंड कुणी संपवलं एवढं विचारायची सोय नाही, लगेच कुणीतरी 'ऑब्जेक्शन' म्हणून उठतं. आणि १९९३ साली 'दामिनी'त सनी देओल तारखांवरून जो ओरडला, तेव्हापासून वकिलाने आवाज चढवला की न्याय मिळतो, ही समजूत अशी घट्ट बसलीय की हळू बोलणाऱ्या वकिलाला फी द्यायला लोकांचा हात धजत नसेल.

बरं, बघतात ते कोर्ट तरी खरं असावं! तो ठोठावायचा हातोडा आपल्या न्यायाधीशांच्या टेबलावर नसतोच. ज्यांचे काळे डगले आपण अंगावर चढवले, त्या इंग्लंडच्या कोर्टातही नसतो. तो अमेरिकेतला. गीतेवर हात ठेवून शपथ? १९६९ च्या शपथ कायद्यात ईश्वराला स्मरून नाहीतर प्रतिज्ञेवर खरं सांगा म्हटलंय, ग्रंथबिंथ काही नाही. आणि बासू चटर्जींसारख्या सभ्य माणसाने काय करावं? ज्यूरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कायद्यातून पुसून टाकली, आणि यांनी १९८६ मध्ये 'एक रुका हुआ फैसला' काढून बारा जणांना खुशाल एका खोलीत कोंडलं. बघणाऱ्यांनीही विचारलं नाही, की अहो, ही मंडळी आली कुठून?

आली हॉलिवूडहून. सिडनी ल्युमेटच्या १९५७ च्या '१२ अँग्री मेन'मधून. त्यातला हेन्री फोंडा म्हणजे सज्जनपणाचा पुतळा. अकरा जण गरीब वस्तीतल्या पोराला दोषी धरून घरी जायला निघालेले, हा एकटा म्हणतो, थांबा, बोलू. छान. पण हे महाशय आदल्या संध्याकाळी आरोपीच्या वस्तीत फिरून, खुनातल्या सुऱ्यासारखाच दुसरा सुरा विकत घेऊन, खिशात घालून आलेले! काढला आणि खच्चकन टेबलात रोवला. खऱ्या खटल्यात ज्यूरीतल्या माणसाने असा स्वतःचा पुरावा आणला असता, तर सगळा खटला नव्याने चालवायची पाळी आली असती. पण फोंडाला कोण विचारणार? पुढे एक जण 'त्या वस्तीतली माणसं सगळी तसलीच' म्हणून तोंड सोडतो, आणि बाकीचे बहुतेक एकेक करून टेबलावरून उठून त्याच्याकडे पाठ फिरवतात. प्रसंग झकास आहे, कबूल. आपणही मनातल्या मनात उठतो आणि पाठ फिरवतो. फुकटात पुण्य. मात्र ज्या पोरासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा चेहरा सुरुवातीला क्षणभर दिसतो आणि तोंडातून शब्द निघत नाही.

हीच तर यांची खोड! ज्याच्यावर अन्याय त्याने गप्प बसायचं, बोलायचं देखण्या वकिलाने. हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० ची, सिनेमा १९६२ चा. अलाबामातलं गाव, टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आळ. आळ घेणाऱ्या मुलीला मार लागलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा, आणि टॉमचा डावा हात तर लहानपणापासून निकामी. तरी गोरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. मग अ‍ॅटिकस वकील, म्हणजे ग्रेगरी पेक, बॅग आवरून निघतो आणि गॅलरीत वेगळी बसवलेली काळी माणसं त्याच्या मानासाठी उभी राहतात. बघा हं, शिक्षा टॉमला आणि उभं राहायचं अ‍ॅटिकससाठी. ऑस्करही अर्थातच पेकला. लोकांनी पोरांची नावं अ‍ॅटिकस ठेवली हो! आणि २०१५ मध्ये लीबाईंचं जुनं हस्तलिखित पुस्तक होऊन आलं, त्यात म्हातारा अ‍ॅटिकस गोऱ्या-काळ्यांना वेगळंच ठेवा म्हणणाऱ्यांच्या बैठकीला बसलेला. केवढी ती रडारड!

पण दुसऱ्यांच्या गावाला कशाला हसा? आपल्या मुंबईने १९५९ साली जे केलं त्यापुढे कुठल्याही पटकथेने मान खाली घालावी. नौदलातला कमांडर कावस नानावटी, पारशी, उंचापुरा, पांढऱ्या युनिफॉर्मात कसा अगदी शोभून दिसणारा. बायकोने सांगितलं, माझं दुसऱ्यावर मन आहे. हे गृहस्थ तिला आणि मुलांना सिनेमाला सोडतात, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या उचलतात, आणि प्रेम आहुजाच्या घरी जातात. आहुजा सिंधी, पैसेवाला, बायकांत वावरणारा, आणि नुकताच न्हाऊन आलेला, कमरेला टॉवेल. गोळ्या सुटल्या तीन. बचाव असा, की झटापट झाली आणि चुकून सुटल्या. सरकार पक्षाने विचारलं, झटापट झाली तर टॉवेल जागच्या जागी कसा?

सांगा आता! कायद्याच्या इतिहासात एवढा इमानी टॉवेल दुसरा नसेल. अख्ख्या खटल्यात कुणाची बाजू न घेणारा तेवढाच.

पण ज्यूरीने टॉवेलचं ऐकलं नाही. आठ विरुद्ध एक, निर्दोष. बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या करंजियांनी आठवड्यामागून आठवडा कमांडरसाहेबांची आरती चालवलेली, फेरीवाले खेळण्यातलं नानावटी रिव्हॉल्वर आणि आहुजा टॉवेल विकत होते. कुलीन अधिकारी आणि लंपट श्रीमंत, असा निकाल फुटपाथवर आधीच लागलेला. सेशन्स जज रतिलाल मेहतांनी मात्र कपाळाला हात लावून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, तर राज्यपालांनी त्याच दिवशी शिक्षा स्थगित करून साहेबांना नौदलाच्याच ताब्यात ठेवलं. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. पुढे कुटुंब कॅनडाला. (याच खटल्याने भारतातली ज्यूरी संपली असं लोक ठासून सांगतात. तसं काही नाही, काही राज्यांत ती पुढेही कैक वर्षं बसत होती. पण गोष्ट चटकदार, कोण सोडतंय!)

आणि सिनेमावाले? १९६३ मध्ये 'ये रास्ते हैं प्यार के', कमांडरऐवजी सुनील दत्त. २०१६ मध्ये 'रुस्तम', अक्षय कुमार. बायकोच्या प्रियकराला मारणं तेवढंसं पुरेना, म्हणून भ्रष्टाचाराचा कट घालून त्याला देशभक्तही केला, आणि निर्दोष सोडवला. वर राष्ट्रीय पुरस्कार. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट दोघांनी दोषी ठरवलेल्या माणसाला सिनेमा पुन्हा पुन्हा सोडवतोय, आणि आपण पॉपकॉर्न खात त्या आठ जणांत नववे होऊन बसतोय. आहुजाच्या बाजूने एक सिनेमा काढून बघा म्हणावं. निर्माता मिळायचा नाही.

मराठी माणसाने यावर नाक मुरडू नये. १९६२ साली आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' आलं, फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकरांचा लखोबा. निपाणीचा तंबाखूवाला, वेष पालटून बायकांना फसवणारा भामटा. आणि आपण काय केलं? प्रत्येक वेषाला टाळ्या, प्रत्येक साळसूद उत्तराला हशा. फसलेल्या बायका साक्षीच्या पिंजऱ्यात रडतायत आणि प्रेक्षागृह आरोपीवर फिदा. नाटक उत्तम आहे, मीही पुन्हा बघेन, पण लाजेची गोष्ट ती लाजेचीच.

विजय तेंडुलकरांनी तर पाठच सोलून काढली. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये नाटकमंडळी वेळ जात नाही म्हणून खोटा खटला मांडतात. आरोपी बेणारे बाई, लग्नाविना गरोदर. पानसुपारी चघळत, थट्टा करत, एकेक साक्षीदार असा काही रंगतो की खेळ कधी खरा झाला ते त्यांनाही कळत नाही. शेवटी न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. सगळे जागच्या जागी थिजतात, बेणारे बाई आयुष्यभराचं बोलून घेतात, आणि हलायला लागल्यावर काशीकर म्हणतो, वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. निकाल पोटातल्या गर्भावर. देखणा वकील नाही, फोंडा नाही, सुरा नाही. बेणारे झालेल्या सुलभा देशपांडे तेवढ्या उभ्या. त्या नाटकाला गेलेल्यांनी घरी परतताना श्रीखंडावरून ऑब्जेक्शन घेतल्याचं ऐकिवात नाही.

आणि चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा 'कोर्ट'! त्याबद्दल तर चारचौघांत बोलायचीच चोरी. एका शाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, कारण तिच्या ब्लाउजला बाह्या नाहीत. सुट्टीवर गेल्यावर न बोलणाऱ्या एका पोरासाठी हेच गृहस्थ अंकशास्त्र आणि अंगठीतला खडा सुचवतात. सरकारी वकीलबाई कुठल्या खलनायिका नाहीत, ऑफिसातून येऊन पोळ्या लाटणाऱ्या, मुलांचा अभ्यास बघणाऱ्या. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय जावई नको म्हणून बाप त्याला हाकलतो आणि प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट, त्यात या बाईही. दुसऱ्या दिवशी कोर्टात आहेतच.

सिनेमा बघून आलेल्यांची तक्रार एकच, काही घडतच नाही हो, निकालसुद्धा लावला नाही! त्या टाळीच्या प्रसंगाला आपल्याही थिएटरात दोन-चार जण मनापासून हसले म्हणतात. कोण ते मला ठाऊक आहे, पण नावं नाही सांगणार. अब्रुनुकसानीच्या दाव्यात आपण पडलो बिनदेखणे, आपल्याला कोण सोडवणार?