वायसर

ऐन डिसेंबरात आमच्या घरात हापूसचा वास सुटला. आम्ही इंदूरला अन्नपूर्णा भागात राहतो, देवळाच्या दारातल्या हत्तींपासून चालत दहा मिनिटांवर. इथे थंडीत गराडू मिळतात, गजक मिळते. हापूस मिळत नाही. बायकोने आधी फ्रिज हुंगला, मग देवघर हुंगलं, मग संशयाने मला हुंगलं. वासाचा माग अखेर खुंटीवरच्या पँटीपाशी संपला. पँट भाच्याची. खिशावर तळहाताएवढा चिकट डाग आणि आत लायटरपेक्षा थोडी मोठी एक वस्तू. वरचा तुकडा पारदर्शक, त्याला चोच.

"मामा, पॉड लीक झालाय," भाचा म्हणाला. घराला तडा गेल्याचं सांगावं तसा आवाज.

भाचा मँचेस्टरला असतो. तिकडे १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली, म्हणून त्याने परत भरता येणारा पॉड घेतला. संपलं की फेकायचं आणि नवं आणायचं, यावर पोसलेल्या पोराच्या आयुष्यात भरण्याचा हा पहिलाच प्रसंग. आता राजवाड्यावर जाऊन नवा पॉड आणू, असा त्याचा बेत होता.

"राजवाड्यावर पुरणपोळीचं पुरणयंत्रसुद्धा मिळेल, हे नाही मिळणार," मी म्हणालो. २०१९च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगरेट बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं, साठा करणं सगळं बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हे ऐकून भाचा जरा गप्प झाला. बायकोने दाराला कडी लावली.

मी ती वस्तू कागदात धरून उजेडाकडे नेली आणि एकदम ओळख पटली. हा तर माझा आठवीतला पेन!

तेव्हा आम्ही ड्रॉपरने शाई भरत असू. दौत कॅमलची. दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुड्यांपासून धंदा सुरू केला, पण तिचा खरा खप आमच्या खिशांनीच वाढवला असावा. कागदावर जेवढी सांडे तेवढीच सदऱ्यावर. पेनाच्या आट्यांना साबण चोळणे, मेणबत्ती घासणे, दोरा गुंडाळणे ही शास्त्रं वर्गात कोणी शिकवली नाहीत, पण सगळ्यांना येत. पेन भरलेला असेपर्यंत शहाण्यासारखा वागायचा आणि शाई संपत आली की ओकायचा. कारण साधं आहे. आत शाई कमी म्हणजे हवा जास्त. हाताच्या उबेने हवा फुगते आणि निबखालच्या जिभेवरून शाईला बाहेर ढकलते. नेमकी भूगोलाच्या पेपरात, नेमकी नकाशावर. मी एकदा भारताच्या पश्चिम किनाऱ्याला असं बेट दिलं होतं, की सरांनी त्याचं नाव विचारलं.

पॉडचं तंत्र हेच. आत निबेऐवजी तारेची कॉइल आणि तिच्याभोवती कापूस. कापूस रस पितो, तार तापते, वाफ होते. मधून हवेची नळी जाते. रस ओघळत नाही, कारण वरून हवा शिरायला वाट नसते. कुठून तरी हवा शिरली की रसाला खालची वाट मोकळी. पाण्याच्या भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरायची जादू आपण सगळ्यांनी केली आहे, आणि सगळ्यांचीच कधी ना कधी फसली आहे.

"आता खरं सांग," मी चष्मा लावला. "भरतोस कसा?"

जबानीतून पुढील गुन्हे निघाले. एक, काठोकाठ भरतो. पॉडमध्ये दोन मिलिलिटर मावतं, याला सव्वादोन हवं. हवेचा एक बुडबुडा ठेवायचा असतो, हे मान्यच नाही. दोन, घाईत मधल्या नळीतच ओततो. तीन, रबरी बूच लावतो, पण दाबत नाही. चार, अर्धवट भरलेला पॉड खिशात घालून विमानात बसला. वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, आतली हवा फुगते; पेनवाले म्हणूनच विमानात पेन पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा नेत. पाच, इथे आल्यावर पँटीसकट तो गच्चीत उन्हात वाळत घातला. तापला की रस पातळ होतो. सहा, आईस्क्रीमच्या दुकानात घट्ट मिल्कशेक ओढावा तसा ओढतो, म्हणजे कापूस पिऊ शकेल त्याहून जास्त रस नळीत येतो. सात, कॉइल कधी बदलली ते आठवत नाही.

"आणि खाली नुसतं दमट लागलं, तर ती दर वेळी गळती नसते," मी भरात आलो होतो. "वाफ थंड होऊन पाणी धरते. पुसायचं आणि गप्प बसायचं."

राहता राहिला वायसर. भाचा त्याला ओ-रिंग म्हणत होता. मी पॉड कागदात गुंडाळून कुकर दुरुस्तीवाल्याकडे निघालो. बायको मागून म्हणाली, "जाताच आहात तर हौदाच्या बॉलकॉकचाही वायसर आणा. गणपतीपासून सांगते आहे." मी मान डोलावली. गणपतीपासून मीही तेच करतो आहे.

दुकानदाराने पॉड डोळ्यांपाशी नेला, नाकापाशी नेला. "भिया, ये कौन से कूकर का है?"

"छोटे का."

"इसमें आमरस बनाते हो क्या?"

त्याने पिनेने रिंग उचलली. तसूभरही फाटलेली नव्हती. तिच्याखाली खिशातला एक धागा अडकला होता, डोळ्यातल्या कुसळाएवढा. एवढ्याशा धाग्यावरून मँचेस्टरचा सगळा रस उतरला होता. त्याने रिंग धुतली, पीळ न पडू देता बसवली आणि पैसे घेतले नाहीत. आमरसाचं दर्शन झालं, म्हणाला.

घरी आल्यावर बायकोने माझे हात तीनदा धुवायला लावले. निकोटीन कातडीतून अंगात जातं, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. भाच्याला तिने एका वाक्यात सांगितलं की दुरुस्ती म्हणजे परवानगी नव्हे. हे परतीपर्यंत बंद राहील आणि पुढेही राहिलं तर वन्संचे, म्हणजे तुझ्या आईचे, आशीर्वाद मिळतील.

पॉडात पाणी भरून भाच्याने तो टिश्यूवर उभा ठेवला. टिश्यू कोरडाच राहिला. मी खुर्चीत मागे रेललो. "लक्षात ठेव. परत भरायच्या वस्तूला तीन गोष्टी लागतात. काठोकाठ भरायचं नाही, भरताना दुसरीकडे बघायचं नाही, आणि वायसर—"

"भिया!" फाटकातून शेजाऱ्यांची आरोळी आली. "नर्मदा मैया रोड पे आ गई!"

तो आमचा पाण्याचा दिवस होता. जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्य चढून १९७८ पासून इंदूरला येणारी नर्मदा आमचा हौद भरून, अंगण ओलांडून देवळाच्या दिशेने निघाली होती. मी धोतर सावरत धावलो. बॉलकॉक हातात धरून पाहिला, तर वायसर जागेवर नव्हताच.

मागून भाचा आला. काही बोलला नाही. त्याने तो कोरडा टिश्यू माझ्या हातात ठेवला.