खेळाडू वृत्तीचा दाखला

शाळेच्या क्रीडा महोत्सवाला शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प आणि ‘खेळातून चारित्र्य घडतं’ हे वाक्य एवढं सामान लागतंच. पहिल्या तिन्हींची बिलं जोडावी लागतात. चौथं फुकट मिळतं, त्यामुळे प्रत्येक वक्ता ते सढळ हाताने वापरतो.

हे वाक्य मूळचं विलायती. ब्रिस्टॉलच्या क्लिफ्टन कॉलेजात शिकलेल्या हेन्री न्यूबोल्ट यांनी ते कवितेत बसवलं: शाळेच्या मैदानावर शेवटच्या जोडीने धीर धरायला शिकलेला मुलगा पुढे रणांगणात खचलेल्या सैनिकांना सावरतो. साम्राज्याला असे मुलगे हवेच होते. आपल्याकडे या मताचे मोठे पुरस्कर्ते म्हणजे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस. १८९३ साली मुंबईत दंगल पेटली तेव्हा साहेब पुण्याच्या गणेशखिंडीत होते. ते नवव्या दिवशी परतले आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या सामन्यासाठी, असं टीकाकार म्हणत. चेंडूवरून नजर हटू द्यायची नाही, हे क्रिकेटचं पहिलं तत्त्व त्यांनी पाळलं. त्यांच्या नावाच्या ढालीसाठी मुंबईतल्या शाळा आजही झुंजतात.

याच क्लिफ्टनच्या मैदानावर १८९९ मध्ये तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद ६२८ धावा केल्या. तो विक्रम ११६ वर्षं टिकला आणि मोडला आपल्या कल्याणात. जानेवारी २०१६, सोळा वर्षांखालील आंतरशालेय सामना. एका मुलाच्या नाबाद १००९, संघाच्या ३ बाद १४६५, मग डाव घोषित. (घोषित का केला, हे अजून कळत नाही. दुसऱ्या दिवसाचा उजेड शिल्लक असावा.) समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत गारद. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी.

फलंदाजाचा यात काडीचाही दोष नाही. फुलटॉस आला तर मुलाने काय नमस्कार करून सोडून द्यायचा? पण समोर गोलंदाजी करत होते ते कोण? त्या शाळेचे नेहमीचे खेळाडू परीक्षेच्या अभ्यासात गुंतलेले, म्हणून बरीच लहान पोरं मैदानात धाडली होती. एका बाजूची सीमारेषा हाकेच्या अंतरावर, हातातून झेल सुटताहेत आणि चेंडू आणायला धावायचं पुन्हा त्यांनीच. ‘पुरे आता’ म्हणणारा एकही मोठा माणूस दोन दिवसांत पुढे आला नाही. कौतुकाचा वर्षाव एकाच मुलावर झाला. चिकाटी, सहनशीलता, पराभव पचवण्याची ताकद वगैरे जे काही घडायचं ते मात्र दुसऱ्याच बाजूला घडलं असणार, आणि त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत.

मुलं हुशार असतात, मोठी माणसं काय मोजतात ते लगेच ओळखतात. शासकीय शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. त्यामुळे काही मुलांचा वाढदिवस दरवर्षी येतो, वय मात्र वाढत नाही. जन्मदाखला जिथे गप्प राहतो तिथे डाव्या मनगटाच्या हाडाला बोलतं करावं लागतं, त्यासाठी एक्स-रे आहे. २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी सांगितलं, की वय चोरणारा मुलगा प्रामाणिक मुलाची जागा खातो. सज्जन माणूस. बाप हजार खटपटी करून दाखला आणतो, त्यामागचे कष्ट त्यांना दिसले नाहीत.

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. धोरण चांगलंच आहे. घाम गाळणाऱ्याला काहीतरी मिळायलाच हवं. पण काहींनी घामाचा टप्पाच वगळला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, त्यात ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रंही होती. त्यातल्या कित्येकांनी ट्रॅम्पोलिन डोळ्यांनी पाहिलंही नसावं. उडी मात्र थेट सरकारी खुर्चीत.