तीन मुठी वाळू

नातीच्या अक्षराभ्यासासाठी सकाळच्या गाडीनं नांदेडहून बासरला निघालो, तर माझ्या मांडीवर लॅपटॉप. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स नव्यानं टाकायचं होतं आणि डिस्कची वाटणी काही ठरत नव्हती. "अहो, देवाला जाताना तरी ते मिटा," बायको म्हणाली. म्हटलं, विद्येच्याच देवीकडे चाललोय.

डिस्क २४० जीबीची. मागच्या खेपेला मी रूटला, म्हणजे यंत्रणेच्या भागाला, २० जीबी दिले आणि उरलेलं सगळं होमला, म्हणजे आपल्या फायलींच्या भागाला. होममध्ये फोटो ऐसपैस नांदले. इकडे रूटमध्ये लॉगचं दप्तर फुगत गेलं, जुने कर्नल साठले आणि एके दिवशी संगणकानं जागाच नाही म्हणून हात वर केले. शेजारी होमकडे शंभरावर जीबी पडीक! पण मधला बांध सरकवायचा तर होम बंद करून आवळा, आहे तसा उचलून पुढं न्या, मग रूट वाढवा. तेही पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून. दुसऱ्याचा बांध कोरणाराही इतका घाम गाळत नाही.

एलव्हीएम या डिस्क वाटून देण्याच्या सोयीत हा बांधच नसतो. सगळी डिस्क एका कोठारात जमा होते, त्याला व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात, आणि त्यातून बहुधा चार-चार एमबीच्या मापानं ज्याला त्याला वाटून द्यायचं. मापं सलग नसली तरी चालतात. कुठलं कुठं ठेवलंय हे वहीत टिपलेलं असतं. कोठार कमी पडलं तर दुसरी डिस्क आणून त्यातच ओतायची. लिनक्ससाठी ही सोय हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ साली लिहिली.

उमरी गेलं, धर्माबाद गेलं. बासरची कथा अशी की व्यास रोज गोदावरीत स्नान करून तीन मुठी वाळू आणायचे आणि तीन ठिकाणी ठेवायचे. त्यातून सरस्वती, लक्ष्मी, काली घडल्या. पहिल्याच दिवशी मापं आखून ते बसले नाहीत. मी असतो तर आधी लक्ष्मीच्या नावानं शंभर मुठी अडवून ठेवल्या असत्या.

शेवटी मांडलं: रूटला ३०, होमला ६०, मेमरीला हातभार लावणाऱ्या स्वॅपला ४, बाकी कोणालाच नाही. ते मोकळे आकडे डोळ्यांत खुपतात, पण काय करणार? वाढवणं चालू यंत्रावर होतं. काढून घ्यायचं म्हटलं की ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था आधी तो भाग बंद करायला लावते आणि एक्सएफएस ही दुसरी तर दिलेलं परत द्यायला जवळपास तयारच नसते.

वाटण्या बासरनंही पाहिल्यात. मुधोळ तालुक्याचा हा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात, मग आदिलाबादेत, २०१६ पासून निर्मलमध्ये. घाट आणि देवी जागच्या जागी. बदलली ती वहीतली नोंद.

मंदिरात गुरुजींनी नातीचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं. हात सुटताच तिनं आपला स्वतःचा 'ग' काढला, पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. काना तर थेट लाकडी चौकटीवर गेला.

"अगं, आता पुढचं अक्षर कुठं काढणार?"

"दुसऱ्या पाटीवर, आजोबा."

मी मुकाट्यानं चपला शोधायला लागलो. पाट्यांचं दुकान बाहेर होतं.