कार्बन डायऑक्साइडसाहेबांना अनावृत पत्र

मा. कार्बन डायऑक्साइडसाहेब,
मु. पो. हवा, ता. शिरूर आणि दौंड, जि. पुणे



आपण म्हणजे पिकांचं फुकटचं खत, असं ऐकून घोड-भीमेच्या काठी आनंदीआनंद आहे. युरियाच्या गोणीसाठी रांग लावावी लागते. आपण बिनपावतीचे बांधावर हजर! कारखानदारीच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत आपण 280 होतात, आता कोळसा-डिझेलच्या कृपेनं 420 च्या वर गेलात. वाढीव पुरवठ्याबद्दल आभारी आहोत.

तक्रार आहे ती वाटपाची. दौंडला ऊस, शिरूरच्या जिरायतीत बाजरी, रब्बीला ज्वारी. ही पिकं पानात आपला साठा आधीच करून ठेवतात. जादा माल आला तरी त्यांचं उत्पन्न फारसं हलत नाही. पर्णरंध्रं थोडी मिटून पाणी तेवढं वाचतं. आपला खरा लाभ गहू, कांदा, सोयाबीनला. पण गव्हाचं काय केलंत? आपण 550 च्या आसपास पोचलात, की दाण्यातलं जस्त सुमारे 9, प्रथिनं 6 आणि लोह 5 टक्क्यांनी घटतं, असं 2014 साली ‘नेचर’मध्ये छापून आलंय. पोतं भरलेलं, पोळी निकस. वा, साहेब!

झाडांचं म्हणाल, तर मोराच्या चिंचोलीतल्या चिंचेलाही नत्र आणि पाणी लागतंच. विहीर आटल्यावर आपलं खत काय चाटायचं? आपला लाडका लाभार्थी वेगळाच: 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेलं गाजरगवत. जादा कर्बावर ते जोमानं फोफावतं, खुरपणीची मजुरी मात्र आमच्या माथी.

वर आपलं लिंकिंग! खतासोबत उष्णता घ्यायचीच. फेब्रुवारी तापला की गव्हाचा दाणा बारीक पडतो आणि खताचा फायदा तिथंच फिटतो.

आपले साथीदारही सांगून टाकतो. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली, शेरा ‘कमी’. हवेत कर्ब उतू चाललाय, मातीत दुष्काळ; आणि ऊस तुटला की फडाला काडी लावणारे आम्हीच. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट तासाभरात आपल्या स्वाधीन!

तेव्हा ऊसवाल्या भावांनो, साहेबांची मर्जी राखणं पुरे. पाचटाची कुट्टी करा, सरीत पसरा, कुजवणारं जिवाणू खत टाका. कर्बाची गरज मातीला आहे, हवेला नाही.

आपला,
एक ऊसवाला