अकरा लुगडी आणि एक खण

भोकरदनच्या एका शाळेच्या भिंतीवर पाटी आहे. या शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या परिसरात सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास सक्त मनाई असून, हा गुन्हा केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असं ती सांगते. पाटी नियमाप्रमाणे आहे. अक्षर वळणदार आहे. अडचण एवढीच, की यार्ड म्हणजे नेमका किती, हे शाळेत कोणालाच ठाऊक नाही.

गणिताच्या पुस्तकात मीटर आहे, गवंड्याच्या टेपवर फूट आहे, तलाठ्याच्या दप्तरात गुंठा आहे. यार्ड फक्त पाटीवर. त्याचा पत्ता शेवटी लागतो तो कापडाच्या दुकानात. यार्ड म्हणजे वार. नऊवारीतला वार, 0.9144 मीटरचा. दुकानातला जुना माणूस बोटांवर हिशेब करून सांगतो, "नऊवारी अकरा लुगडी टोकाला टोक लावून सांधा, नव्व्याण्णव वार झाले. वर एक वार चोळीचा खण. झाले शंभर." मुलांपासून तंबाखू किती लांब ठेवायची याचं सरकारी माप भोकरदनला समजलं ते असं.

यात एक बारीकसा पेच आहे. मोजमापाचा मेट्रिक कायदा या देशात 1956 साली झाला. 2009 च्या वैध मापन कायद्याप्रमाणे तर व्यापाऱ्यानं मेट्रिक सोडून दुसऱ्या मापाचा भाव लावणं हाच गुन्हा आहे. म्हणजे त्या दुकानदारानं लुगडं वारावर विकलं तर तो गुन्हेगार. आणि त्याच वारानं पोरांच्या फुप्फुसांचं रक्षण करायचं ठरलं, तर तो कायदा.

पाटीमागच्या कायद्याची तारीखही मोठी देखणी आहे. तंबाखू नियंत्रणाच्या केंद्रीय कायद्याला मंजुरी मिळाली 18 मे 2003 ला. बरोबर तीन दिवसांनी, 21 मे ला, जिनिव्हात जगातला पहिला तंबाखू नियंत्रण करार संमत झाला. भारतानं फेब्रुवारी 2004 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 27 फेब्रुवारी 2005 पासून तो लागू झाला. आज 180 हून अधिक देश त्यात आहेत. कर वाढवा, जाहिराती थांबवा, पाकिटावर इशारे छापा, आणि धोरण ठरवताना तंबाखू कंपन्यांना चार हात लांब ठेवा, असं त्यात लिहिलं आहे. ग्राहक चळवळीतली मंडळी ओरडताहेत की हा करार आणखी कडक करा. या करारातल्या देशांची सातवी परिषद 2016 च्या नोव्हेंबरात दिल्लीजवळ भरली. त्याच पंधरवड्यात दिल्लीत धुराचा असा लोट होता, की न ओढणाऱ्या पाहुण्यांचाही कोटा भरला असेल.

भोकरदनला आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं अप्रूप नाही. केळना नदीच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या शिलालेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. इथल्या उत्खननात हस्तिदंताची जी मूर्ती सापडली, तिच्यासारखीच एक पार पॉम्पेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली निघाली. गावानं परदेशाला मालही दिला असेल आणि परदेशाकडून व्यसनंही घेतली. तंबाखू पोर्तुगीजांच्या गलबतातून दख्खनेत उतरली आणि विजापूरहून मुघल दरबारात गेली. त्या दरबारानं 1617 साली तिच्यावर बंदीही घातली. त्या बंदीचं पुढं काय झालं, ते बसस्थानकाच्या कोपऱ्यात भिंतीवर लाल रंगात दिसतं. आणि भोगवर्धन या नावाचे मराठीत दोन अर्थ होतात. तंबाखूनं दोन्ही खरे केले.

तर, शंभर वार.

2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तंबाखूमुक्त शाळा म्हणवून घ्यायचं असेल तर ही हद्द नुसती माहीत असून चालत नाही, ती जमिनीवर आखावी लागते. मग गुरुजी दोर घेऊन निघतात. जनगणना, मतदार यादी, खिचडी यांतून वेळ काढून. नियम सांगतो, अंतर शाळेच्या बाहेरच्या हद्दभिंतीपासून किंवा कुंपणापासून, त्रिज्येनं मोजावं. आता वाडीवरच्या शाळेला भिंत असते कुठं? तिची हद्द म्हणजे एका बाजूला हापसा, दुसऱ्या बाजूला बाभळ आणि तिसऱ्या बाजूला पाटलाची म्हैस, जी रोज जागा बदलते. म्हशीला खुंटीशी बांधून, तिच्या शेपटीपासून त्रिज्या धरली, तर दोर थेट टपरीच्या मागच्या पत्र्याला टेकतो. टपरीवाला म्हणतो, "गुरुजी, त्रिज्या तुमच्या पुस्तकात. गिऱ्हाईक रस्त्यानं येतं, रस्ता वळणाचा, वळणानं मोजा, दीडशे वार भरतील." गुरुजी म्हणतात, नियमात त्रिज्याच आहे. टपरीवाला म्हणतो, मग त्रिज्येवर राहणाऱ्यांना विकत नाही, वळणानं आले त्यांनाच देतो. वाद वाढतो. शंभर वारांच्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण साडेसहा एकर, असा हिशेब सातवीतला एक पोरगा पाटीवर करून दाखवतो आणि त्या दिवशी शाळेत शिकलेलं गणित प्रथमच कामाला येतं. साडेसहा एकरांत तंबाखू पिकवायला हरकत नाही, विकायला आहे, हे कळल्यावर म्हशीचा मालक दोर सोडून घरी जातो. शेवटी रस्त्यावर पिवळी रेघ ओढली जाते, फोटो निघतो, फोटो वर पाठवला जातो. दुसऱ्या दिवशी टपरी रेघेच्या पलीकडं चार बोटं सरकलेली असते. टपरीला चाकं असतात, शाळेला नसतात. आणि आजवर ज्या पोरांना पुडी नक्की कुठं मिळते हे ठाऊक नव्हतं, त्यांना आता सरकारी रंगात ओढलेली खूण सापडते.

हे हास्यास्पद वाटत असेल, तर ग्राहकाकडं बघावं. जगात तंबाखूच्या ग्राहकाइतका माहितगार ग्राहक दुसरा नाही. पाकिटाचा 85 टक्के भाग एप्रिल 2016 पासून इशाऱ्यानं व्यापला आहे. जागतिक करार किमान 30 टक्के मागतो. भारत त्याच्या जवळपास तिप्पट देतो. सडलेल्या जबड्याचं चित्र आहे, मृत्यूचा थेट इशारा आहे, व्यसन सोडण्यासाठी फोन नंबर आहे. साबणावर, तेलावर, खतावर इतकं खरं कोणी लिहीत नाही. आणि हाच ग्राहक 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, तहसील कार्यालयाच्या कार्यक्रमात बसून हक्कांवरचं भाषण ऐकतो. भाषण संपलं की बाहेर येऊन बार भरतो. चुनाळं शेजारच्याकडून मागून घेतो.

तो हक्कांच्या बाबतीत ढिला आहे असं कोणी समजू नये. छापील किमतीवर एक रुपया जास्त मागितला की तो पेटतो. पुडी उलटीपालटी करतो, सडक्या जबड्याच्या खाली छापलेला आकडा शोधतो, अंगठ्यानं जबडा झाकून आकडा दाखवतो.

सिगारेट सुट्टी विकायला महाराष्ट्रानं सप्टेंबर 2020 मध्ये मनाई केली. कारण सुट्ट्या कांडीवर चित्र मावत नाही, म्हणजे ग्राहकाचा माहितीचा हक्क बुडतो. तर्क बिनतोड आहे. टपरीवरही एवढीच दुरुस्ती झाली, की कांडी देताना पाकीट दाखवलं जातं.

गुटख्याची तर गोष्टच वेगळी. महाराष्ट्रानं जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली त्याच्यावर बंदी घातली. बंदी एका वर्षाची असते आणि दर वर्षी तिचं नूतनीकरण होतं, जसं मोटारसायकलच्या विम्याचं. मग बाजारात पुड्या जोडीनं आल्या. एका पुडीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही दोरीला शेजारीशेजारी लटकतात, जशी सोयरिकीची बोलणी चालली असावीत. विवाह लागतो तो ग्राहकाच्या तळहातावर. ग्राहक आणि उत्पादक यांच्यातली दरी मिटवण्याची भाषा अर्थशास्त्रज्ञ कधीपासून करत होते. ती भोकरदनच्या चौकात कधीच मिटली. पान मसाल्याच्या नावानं तंबाखूची जाहिरात होऊ नये म्हणून 2022 साली छुप्या जाहिरातींविरुद्ध नियमावली आली. त्यानंतरही पडद्यावर वेलदोड्याची इतकी जाहिरात दिसते, की तेवढा वेलदोडा केरळातसुद्धा पिकत नसावा.

2003 च्या मूळ कायद्याचा सारा जीव धुरात अडकला आहे. सार्वजनिक जागी धूम्रपान बंद, पाटी 60 बाय 30 सेंटिमीटरची (इथं मात्र सेंटिमीटर). महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीप्रमाणे ओढणारे शंभरात 3.8 आहेत आणि चघळणारे 24.4. म्हणजे पाटी चौघांसाठी, भिंत चोवीस जणांसाठी. आणि त्या चोवीस जणांत कोणाकोणाची गणती होते? आजीची होते. आजी टपरीवर जात नाही. ती तंबाखू तव्यावर भाजते, कुटते, आणि पहाटे मिसरी लावते. मिसरीवर चित्र नाही, इशारा नाही, छापील किंमत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 सालीच बंदी झाली. पण तवा आजीचा, चूल आजीची, दात, उरलेले, आजीचे. भाजायला पान आणायला नातू जातो. अठरा वर्षांखालच्याला विकू नये, असं दुसरी पाटी सांगते. टपरीवाला कायदा पाळणारा आहे, तो विचारतो, "कोणाला पाहिजे?" नातू म्हणतो, आजीला. आजी सत्तरीची. वयाची अट पूर्ण होते. ज्या नऊवारीनं हद्द मोजली, तिच्याच पदराच्या गाठीतले पैसे रेघेपलीकडं जातात.

दोनशे रुपये. सगळा विनोद इथं येऊन संपतो. शाळेजवळ विकलं, अल्पवयीनाला विकलं, तरी या कायद्याखाली दंड जास्तीत जास्त दोनशे. 2003 साली हा आकडा ठरला तेव्हा तोळाभर सोनं सहा हजारांच्या आत होतं. आज ते लाखाच्या पार गेलं. दंड जागचा हलला नाही. 2020 च्या अखेरीस दुरुस्तीचा मसुदा निघाला, विक्रीचं वय 21 करू, दंड वाढवू, असं त्यात होतं. मसुदा आजही मसुदाच आहे. एवढ्या वर्षांत पेट्रोल वाढलं, खत वाढलं, शाळेची फी वाढली, पुडी वाढली. एका पोराचं तोंड नासवण्याचा भाव तेवढा सरकारनं गोठवून ठेवला. ऊस नाही, कापूस नाही, सोयाबीन नाही, हमीभाव मिळाला तो याला!

आणि नासतं म्हणजे काय, ते दातांच्या दवाखान्यात दिसतं. पुडीतल्या सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, आधी तिखट झोंबतं, मग जबडा आवळतो. डॉक्टर पोराला आ करायला सांगतात आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये बोटं उभी घालून बघतात. निरोगी तोंडात तीन बोटं जातात. याच्या तोंडात दोन जातात. पुढच्या खेपेला दीड. ते माप वारात नाही, यार्डात नाही. त्यासाठी कुठल्या भिंतीवर पाटी नाही, कुठल्या रस्त्यावर पिवळी रेघ नाही, आणि जिनिव्हापासून भोकरदनपर्यंत एकाही कागदात त्या दीड बोटाला कोणी दोनशे रुपयेसुद्धा लावलेले नाहीत. अशा पोराचा बाप मोसंबीचे पैसे खिशात घालून संभाजीनगरच्या गाडीत बसतो. वळणानं मोजलं काय आणि त्रिज्येनं मोजलं काय, त्याला तिकीट तेवढंच पडतं.

इकडं ग्राहक दिनाच्या टेबलावर तक्रारींची पेटी असते. ती उघडली की त्यात एक चिठ्ठी हमखास निघते, दर वर्षी वेगळ्या अक्षरात. मजकूर साधारण असा: सदर पुडीवर छापील किंमत असताना अर्जदाराकडून एक रुपया जादा घेण्यात आला, पुडी सोबत जोडली आहे, तरी न्याय मिळावा ही विनंती. जोडलेली पुडी रिकामी असते.